पप्पांची करंगळी

टक्.

आवाज असा झालाच नाही. तिच्या अंगठ्याखाली काहीतरी सुटलं, इतकंच. अडकून बसलेल्या ड्रॉवरने एकदम वाट द्यावी तसं.

तिने हात होता तिथेच थांबवला. पप्पांची करंगळी तिच्या दोन बोटांच्या चिमटीत होती, आणि मघापेक्षा सरळ होती. जरा जास्तच सहज सरळ.

"दुखलं?"

"नाही."

"आत्ता. आत्ता या क्षणाला दुखलं का?"

"नाही म्हटलं ना, खारू."

भिंतीवर चेहऱ्यांचा तक्ता लावलेला होता. हसरा, बरा, कसनुसा, रडवेला, ढसाढसा. पेशंटने बोट दाखवायचं, म्हणजे दुखणं किती ते कळतं. पप्पांनी डाव्या हाताने हसरा चेहरा दाखवला. पहिल्या दिवसापासून ते हसराच दाखवत आले होते.

पंखा फुल्ल होता. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

मागचं, घाईघाईत

गोष्ट इथे थांबवून मागे जायला हवं, पण वेळ नाही, म्हणून थोडक्यात. ती हाताची थेरपिस्ट. बाप चर्चचा पाळक, म्हणजे पास्टर, आता निवृत्त. पण मंडळीत कोणाचा घसा बसला की रविवारच्या प्रवचनाला पहिले हजर. प्रार्थनागृहाची खिडकी लागेना, म्हणून त्यांनी तळहाताने दणका दिला. काच फुटली. उजव्या करंगळीचं टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी आतली दोरी, तुटली. सर्जनबाईंनी ती शिवली.

शिवलेली दोरी आजूबाजूच्या व्रणाला चिकटते आणि बोट हुकासारखं वाकून बसतं. ते सोडवायला रोज थोडं थोडं ओढावं लागतं. कमी ओढलं तर दोरी कायमची चिकटते, जास्त ओढलं तर शिवण उसवते. या दोन्हींच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही. ती पेशंट दाखवतो. "आई गं" म्हणून दाखवतो.

घरच्या माणसावर उपचार करू नयेत, असा तिच्या हॉस्पिटलात नियम नव्हता. दुसरी थेरपिस्ट बाळंतपणाच्या रजेवर होती. सर्जनबाई म्हणाल्या, तूच बघ ना, बापाचा हात आहे, जिवापाड करशील.

तिने जिवापाड केलं.

दोन अर्थ

टक् होण्याचे अर्थ दोनच. एक, व्रण सुटला, आता बोट भराभर मोकळं होईल, पेढे वाटा. दोन, दोरी तुटली.

कोणता ते बघणं अवघड नाही. हात सैल सोडला की माणसाची बोटं आपोआप थोडी थोडी वाकतात, पहिल्यापेक्षा दुसरं जास्त, शेवटी करंगळी सगळ्यात जास्त. ओळ बघायची. ज्याची दोरी तुटलेली असते ते बोट ओळीबाहेर ताठ राहतं.

तिने ओळ बघितली नाही. पटकन बोटाला आधाराचं स्प्लिंट चढवलं, पट्ट्या आवळल्या, आणि आतल्या दाराशी जाऊन फोन लावला. सर्जनबाई ऑपरेशनमध्ये होत्या. झालं की येतील, तोवर पेशंटला काही करायला लावू नका, असा निरोप आला.

"काय झालं?" पप्पांनी विचारलं.

"काही नाही. मॅडम एकदा बघतील."

"म्हणजे सुधारणा आहे."

तिने सिंकजवळ जाऊन स्वच्छ हात पुन्हा धुतले.

काकू

पलीकडच्या टेबलावर शिलाईवाल्या काकू बसल्या होत्या. मशीनची सुई बोटातून आरपार गेलेली. आत्ता त्यांचा हात शेकायला गरम मेणाच्या टबात होता, आणि कान इकडे. काकूंना नुसतं "हात द्या" म्हटलं तरी त्या "मेले, मेले" सुरू करत. बाहेरचे पेशंट घाबरून उठून जात. आणि काकूंचं बोट मात्र झकास सुधारत होतं.

"अहो पास्टर," काकू म्हणाल्या, "एक विचारू? राग मानू नका. तुमचं बोट शिवताना तोंडही शिवलं का?"

पप्पा हसले. "सवय आहे, बाई."

"कसली सवय?"

"सोसायची. वरच्या बापाच्या हातचं आहे हे. लेकराने कुरकुरायचं नसतं."

"बापाच्या? पोरीच्या म्हणा. हात तर पोरगी पिळतेय."

"पोरीच्या हातून तोच."

तिने नळ बंद केला.

"पप्पा," ती म्हणाली, "म्हणजे दुखत होतं?"

"दुखण्याचं काय घेऊन बसलीस."

"हो की नाही?"

"हाडामांसाचाच ना माणूस. थोडंफार—"

"पहिल्या दिवसापासून?"

पप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पार्किंग होतं. पार्किंगमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

सर्जनबाईंना काय सांगायचं: मनातले मसुदे

पहिला. "मॅडम, करंगळी सोडवताना थोडा जोर पडला." पडला म्हणे. छतावरून पडला का? खोडा.

दुसरा. "मॅडम, पेशंटने दुखत असल्याचं सांगितलं नाही." यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तरी वाक्य नालायक आहे. खोडा.

तिसरा. "मॅडम, त्यांच्या कपाळावर घाम होता, तो मला दिसत होता, रोज दिसत होता, आणि मी हसऱ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवला कारण"

कारणापाशी मसुदा अडतो.

रूळ

कारण त्या घरात लहानपणी ओरडायचं नसायचं. खोटं बोललं, उलट उत्तर दिलं, प्रार्थनेत हसलं, की लाकडी रूळ. आधी पप्पा डोळे मिटून प्रार्थना करत. मग तळहात पुढे. ओरडलं तर एक वाढीव. संपल्यावर ते तिला पोटाशी धरत आणि सांगत की ज्याच्यावर जीव असतो त्यालाच बाप शिस्त लावतो, परक्याच्या पोराला कोण लावायला बसलंय. त्यांच्या शर्टाला इस्त्रीचा वास येई. मिठीत तिचे दोन्ही हात मध्ये चेंगरत आणि जास्त आग होई. तेही बोलायचं नसायचं.

ती न ओरडणारी म्हणून मंडळीत प्रसिद्ध झाली. किती गुणी पोर.

एवढंच. यात फार काही नाही. अशी घरं पुष्कळ होती.

फक्त हे: रोज सकाळी त्यांचा तळहात तिच्यासमोर टेबलावर उघडा पडे, आणि तिला आधी प्रार्थना करावीशी वाटे. चांगल्या अर्थाने की वाईट, ते तिला ठरवता येत नव्हतं.

वाद

"मी रोज विचारत होते."

"तू विचारत होतीस, मी सोसत होतो. दोघांनी आपापलं काम केलं."

"तुमचं काम सांगायचं होतं! तेवढं एकच काम होतं तुम्हाला!"

"आवाज चढवू नकोस. लोक आहेत."

"मी नाहीच इथे," काकू मेणाच्या टबातून म्हणाल्या.

"खारू, बस. ऐक. जे काही झालं असेल ते त्याच्या हातून आलंय. मी चाळीस वर्षं तेच सांगत आलोय. औषध कडू असतं म्हणून वैद्य वैरी होत नाही. मला या हाताचा गर्व होता. याच हाताने मी प्रभुभोजनाची भाकर मोडायचो, आशीर्वाद द्यायचो. त्याने मला—"

"त्याने काही केलं नाही. मी केलं."

"तुझ्या हातून त्याने."

"माझा अंगठा होता, पप्पा! तुम्ही मला माझ्या अंगठ्याचा पण हिशोब देऊ देणार नाही का?"

पप्पांनी स्प्लिंटची पट्टी उगाच चाचपली.

"ईयोबाच्या गोष्टीत," ती म्हणाली, आणि स्वतःलाच नवल वाटलं की बायबलमधलं हे आपल्याला अजून आठवतंय, "तो अलीफज. ईयोब राखेत बसलेला, अंगभर फोड, पोरं मेलेली. आणि हा मित्र येऊन काय सांगतो? देवाची शिस्त आहे, धन्य मान, झिडकारू नकोस. तुमच्या प्रवचनातलंच वाक्य. जवळजवळ जसंच्या तसं."

"जवळजवळ."

"आणि शेवटी देव कोणावर चिडतो? ईयोबावर नाही. तो तर पुस्तकभर आरडाओरडा करतो, देवाला कोर्टात खेचायला निघतो. देव चिडतो या मित्रांवर. तुम्ही माझ्याबद्दल नीट बोलला नाहीत म्हणतो. का? वाक्य तर बरोबर होतं ना?"

"ते प्रकरण खोल आहे."

"मला ते खोल नकोय. मला इतकंच विचारायचंय, तेच वाक्य एका पानावर बरोबर आणि दुसऱ्या पानावर चूक कसं होतं?"

पप्पांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे याला उत्तर होतं, तीन मुद्द्यांचं, तिने ते ऐकलेलं होतं. पहिला मुद्दा, अलीफजचा हेतू. दुसरा मुद्दा

त्यांनी तोंड मिटलं.

"मेण गार झालं गं," काकू हळूच म्हणाल्या. "पण घाई नाही."

तपासणी

सर्जनबाई टोपी न काढताच आल्या, हातात अर्धं केळं. ते संपवून साल तिच्याच टेबलावर ठेवलं, हात धुतले, स्प्लिंटच्या पट्ट्या सोडल्या. "काय म्हणतोय आमचा हात?"

त्यांनी मनगट अलगद मागे वाकवलं. चार बोटं मिटत गेली, जशी मिटायला हवीत तशी. करंगळी नाही मिटली. ती सगळ्यांच्या बाहेर ताठ उभी राहिली. वर्गात उत्तर येणाऱ्या एकट्या मुलाचा हात असतो तशी.

सर्जनबाईंचा चेहरा बदलला नाही. चेहरा न बदलणं त्यांना येत होतं. त्यांनी करंगळीचं मधलं पेर धरलं. "बाबा, फक्त टोक वाकवा."

पप्पांनी जोर लावला. मान ताठ झाली, डावी मूठ आवळली गेली. टोक लोंबत राहिलं.

"बास, बास. सोडा." सर्जनबाई तिच्याकडे वळल्या. "केव्हा?"

"आज सकाळी. टक् झालं. माझ्या हातात."

"किती जोर लावलास?"

"जास्त."

"त्यांनी काही म्हटलं नाही?"

ती उत्तर देणार होती. काय देणार होती ते तिलाही माहीत नव्हतं. तीन मसुदे एकाच वेळी तोंडाशी आले होते. पण पप्पा आधी बोलले.

"दुखत होतं," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दुखत होतं. मी हसरा चेहरा दाखवत होतो."

"अहो, का पण?" सर्जनबाई खरोखर वैतागल्या. "तो तक्ता काय शोभेला लावलाय?"

पप्पांनी देवाचं नाव काढलं नाही. तिने वाट पाहिली, ते येईल म्हणून. नाही आलं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "मोठेपणा असतो त्यात."

मग सर्जनबाईंनी भराभर सांगितलं. पुन्हा उघडावं लागेल. दोरीचं टोक तुटून मागे तळव्यात पळालं असणार, ते शोधून परत आणायचं. जितका उशीर तितकं आखडतं, म्हणून उद्याच. वयाच्या मानाने हमी नाही. किंवा काहीच करायचं नाही, करंगळीचं टोक गेलं म्हणून कोणी मरत नाही, तसंच जगायचं. विचार करून सांगा.

"करा," पप्पा म्हणाले. "आणि नंतर पुन्हा हिच्याकडेच."

"नाही," ती म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं.

"माझ्याकडे नको, मॅडम. दुसरीकडे पाठवा. लांब असलं तरी मी नेईन त्यांना रोज. हात नाही लावणार."

"टाकतेस मला?" पप्पांनी विचारलं. साधं विचारलं, पाळकाच्या आवाजात नाही.

"टाकत नाही. हात काढून घेतेय."

सर्जनबाईंनी केळ्याची साल उचलली आणि निघून गेल्या.

तिच्या डोक्यात, परतताना, रस्ताभर

जोर जास्त होता. तो अंदाज चुकल्यामुळे होता की आणखी कशामुळे? अंगठ्याला विचारावं तर अंगठा सांगत नाही. घाम दिसत होता. घाम दिसत असताना एक आतला आवाज म्हणत होता का, अजून थोडं, अजून सोसतील, हसरा चेहरा दाखवतायत ना, दाखवू देत? म्हणत होता? की हे आता सुचतंय, आणि तेव्हा खरंच फक्त बोट होतं, हुकासारखं वाकलेलं, आणि ते सरळ व्हावं ही कळकळ? दोन्ही असू शकतात का एकाच अंगठ्यात? असली तर कोणतं किती? सिग्नल हिरवा झाल्याचं तिला मागच्याने हॉर्न वाजवून सांगितलं.

ऑपरेशनच्या दाराशी

दुसऱ्या दिवशी पप्पा ट्रॉलीवर होते, हिरव्या गाऊनमध्ये, दाढ काढायला आणलेल्या पोरासारखे. मंडळीतून फोन येऊन गेले होते. नव्या पाळकांनी येऊन प्रार्थना करू का विचारलं होतं. पप्पांनी नको म्हटलं होतं. असं पहिल्यांदाच.

"मी स्वतः करेन," ते तिला म्हणाले. आणि डोळे मिटून सुरू केलं. "हे स्वर्गातल्या बापा, तुझी योजना" आणि थांबले. पुन्हा. "बापा, आम्हाला ठाऊक आहे की तू ज्यांच्यावर" आणि थांबले.  शेजारच्या ट्रॉलीवरच्या माणसाने मान वळवून बघितलं.

"बापा, मला भीती वाटते," ते म्हणाले. "आणि हे मला पटलेलं नाही. माझा हात मला परत हवाय. आमेन."

ते डोळे उघडून तिच्याकडे बघायला लागले, पोरगं शिव्या देऊन आईकडे बघतं तसं.

"चालतं असं?" तिने विचारलं.

"स्तोत्रांत याहून वाईट बोललेत लोक."

पुढचं तिला विचारायचं नव्हतं. पण दार उघडायला माणूस येताना दिसला, आणि मग विचारता आलं नसतं.

"पप्पा, मी मुद्दाम केलं असेल का? राग असेल का माझ्या हातात?"

तिला वाटलं होतं ते म्हणतील, छे, वेडी आहेस का. ते म्हणाले नाहीत. बापाने असं म्हणावं याची तिची तयारी होती. त्यांनी विचार करावा याची नव्हती.

"मला माहीत नाही, खारू," ते म्हणाले. "मी स्वतःला हेच विचारायचो. रूळ खाली ठेवल्यावर. दर वेळी. शास्त्रात एका ठिकाणी आहे, विलाप चाललाय सगळा, शहर जळून गेलंय, आणि मध्येच म्हटलंय की तो कोणाला मनापासून दुःख देत नाही. द्यावं लागतं तरी मनापासून नाही. मी त्यावर कधी प्रवचन दिलं नाही."

"का?"

"मला माझं मन माहीत नव्हतं. त्याला त्याचं माहीत असेल. मी त्याचा रूळ उचलला, मन कुठून आणणार होतो त्याचं?"

"चला बाबा," माणूस म्हणाला. "दात खोटे आहेत का? असले तर पोरीकडे द्या."

"खरेच आहेत सगळे," पप्पा म्हणाले. ट्रॉली वळली. चाक करकरत होतं. "खारू, ही गादी टोचते गं," दार बंद होता होता ते ओरडले, "आणि गार लागतंय!"

आत

आत काय चाललंय ते तिला टप्प्याटप्प्याने माहीत होतं, हीच पंचाईत. आता औषध. आता जुने टाके उघडले. आता करंगळीतून तळव्याकडे शोध. तुटलेलं टोक कधी लगेच मिळतं, कधी मनगटापर्यंत मागे गेलेलं असतं, कधी इतकं झिजलेलं की शिवायला धरच उरत नाही. बाहेरच्या बाकावर बसून तिने आपला तळहात उघडला, मिटला, उघडला. प्रार्थना करावी म्हटलं तर पहिलंच वाक्य सुचेना, आणि पप्पांचं उसनं घेणं बरं दिसेना.

सर्जनबाई बाहेर आल्या. "सापडलं टोक. शिवलंय. वाकेल की नाही, ते आत्ता विचारू नको." तिने विचारलं नाही. "आणि तू अशी बसू नकोस इथे. ते झोपलेत. खाली तुझे पेशंट खोळंबलेत."

पुढचा पेशंट

काकू हात पुढे करून बसल्याच होत्या. पास्टरचं काय झालं ते त्यांनी आधी विचारून घेतलं, दोनदा. मग देव बरं करो म्हणाल्या. मग हात टेबलावर उघडा ठेवला.

तिने त्यांचं बोट धरलं. अंगठा पेरावर ठेवला. आणि तो दाबला जाईना.

काकू वाट बघत राहिल्या. "काय गं?"

"दुखतंय का?"

"अगं, तू काही केलंच नाहीस अजून! मी ओरडले तरी का?"

तिने थोडं दाबलं. अगदी थोडं. काकूंनी नेहमीची आरोळी ठोकली, "मेले!" आणि तिने झटकन हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा. पेर अजून जराही हललं नव्हतं.

काकूंनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. मग चांगल्या हाताने तिचा अंगठा धरला आणि परत आपल्या बोटावर नेऊन ठेवला.

"एवढ्यात सोडू नको," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना. मी सांगेन."

ती दाबायला लागली. बोटाकडे एकदा, काकूंच्या तोंडाकडे दहादा बघत.